प्रवेशपरीक्षेतील न्याय्यतेचा प्रश्न आणि मराठवाडा : मॅट्रिक ते ‘नीट’
(हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सर्व विद्यार्थ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि एकच गुणदान पद्धती दिली म्हणजे प्रवेशपरीक्षा न्याय्य झाली, अशी समजूत शैक्षणिक वर्तुळात सर्वसाधारणपणे आढळते. मूल्यमापनशास्त्र मात्र इतक्यावर समाधान मानत नाही. प्रमाणित चाचणीला विश्वसनीयता हवी, म्हणजेच पुन्हा घेतली तरी निकाल फारसा बदलू नये. आणि सप्रमाणता हवी, म्हणजेच जे मोजायचे तेच मोजले जावे. विज्ञानाची समज मोजण्यासाठी काढलेली प्रश्नपत्रिका प्रत्यक्षात भाषेची सवय, अभ्यासक्रमाचा फरक किंवा शिकवणीवर्गातील तंत्र मोजू लागली, तर ती विश्वसनीय असूनही अन्यायकारक ठरू शकते. याखेरीज आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो चाचणीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. परीक्षेनंतर ज्या जागा वाटल्या जातात त्या कोठे आणि किती आहेत?

मराठवाड्याचा गेल्या शतकभराचा अनुभव या दृष्टीने विशेष बोधक आहे. निजामी राजवटीतील मॅट्रिक, नंतर बोर्डाचे गुण व त्यावरील प्रादेशिक कोटा, पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि अखेरीस राष्ट्रीय पातळीवरील ‘नीट’ अशा चार वेगवेगळ्या चाळण्यांतून येथील विद्यार्थी गेला आहे. प्रत्येक वेळी ‘सर्वांना समान’ या शब्दांचा अर्थ वेगळा होता. प्रस्तुत लेखात हा बदल प्रामुख्याने हिंगोलीच्या बाजूने पाहिला आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके. उत्तरेस विदर्भाला लागून असलेला आणि मराठवाड्यातील शिक्षणाच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असा हा जिल्हा विभागीय सरासरीत नेहमीच झाकला जातो.

भाषेची चाळणी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली व त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली. १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. शालान्त परीक्षा म्हणून मॅट्रिकची ओळख पुढे रूढ झाली असली तरी मूळ स्वरूपात ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. शाळेने काय शिकवले हे तपासणे हा तिचा मुख्य हेतू नव्हता. महाविद्यालयाच्या वर्गात बसण्यास कोण योग्य आहे, हे ठरवणे हा होता.

हिंगोलीचा विद्यार्थी या परीक्षेच्या कक्षेबाहेर होता. हिंगोलीला इंग्रजांच्या नियंत्रणाखालील हैदराबाद कंटिंजंटची छावणी असली, तरी मुलूख निजामाचा होता आणि शिक्षणाचे नियमही निजामाचे. हैदराबादच्या निजाम कॉलेजची संलग्नता मद्रास विद्यापीठाशी होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व उर्दू हे त्याचे माध्यम ठरले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग म्हणून त्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. परकी इंग्रजी बाजूला सारून देशी भाषेतून विज्ञान व वैद्यक शिकवण्याचे धाडस तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील कोणत्याही विद्यापीठाने केलेले नव्हते. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ही ‘देशी’ भाषाही शाळेतच शिकावी लागणारी होती. परीक्षा सर्वांसाठी एकाच भाषेत होती, आणि तिच्या विषमतेचे मूळ नेमके तेथेच होते.

या चाळणीतून पडलेला किंवा हेतुतः बाहेर काढलेला विद्यार्थी कोठे जाई, हेही पाहण्यासारखे आहे. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. सीमेपलीकडचे विद्यापीठ हा त्या काळातील एकमेव दिलासा होता. पैनगंगेच्या अलीकडील आणि पलीकडील शिक्षणव्यवस्था किती भिन्न होत्या, याचा तो पुरावाच होय. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मिलिंद महाविद्यालय व नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. भाषेची चाळणी येथे संपली, असे निदान वरकरणी वाटते.

सत्तर-तीसचे सूत्र

त्यानंतरची दोन-तीन दशके वैद्यकीय प्रवेश बारावीच्या (त्यापूर्वी विद्यापीठीय परीक्षांच्या) गुणांवर होत. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागा विद्यापीठक्षेत्रानुसार राखल्या जात. त्या क्षेत्रात शिकलेल्यालाच तेथील महाविद्यालयात प्रवेश, असा नियम होता. या नियमाला आव्हान मिळाले आणि निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. तथापि न्यायालयाने दार पूर्ण उघडले नाही. अन्य आरक्षणे वगळून उरणाऱ्या खुल्या जागांपैकी जास्तीत जास्त ७० टक्के जागा त्या क्षेत्रात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतील आणि किमान ३० टक्के जागा राज्यातील इतर विभागांतील विद्यार्थ्यांना खुल्या राहतील, असा मध्यममार्ग न्यायालयाने दिला. ‘७०:३०’ चे सूत्र ते हेच. पुढे विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या तीन विभागांच्या चौकटीत ते रूढ झाले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ च्या अहवालात मांडलेला अनुशेष आणि १९९४ मध्ये स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे यांमुळे या तीन विभागांना राजकीय व प्रशासकीय ओळख मिळालेली होतीच.

सूत्रामागील हेतू समजण्यासारखा होता. मागास विभागातील विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याशी थेट स्पर्धा करावी लागू नये व शिकून तो आपल्या भागात राहावा, ही त्यामागील अपेक्षा. मात्र सूत्र सर्व विभागांना सारखेच लागू होते. ज्या विभागात महाविद्यालये अधिक, त्या विभागालाही ७० टक्क्यांचे संरक्षण होते. येथेच गणित उलटले.

उदाहरणादाखल समजा, ‘अ’ विभागात ४०० व ‘ब’ विभागात २,००० जागा आहेत. ‘अ’च्या विद्यार्थ्यांसाठी २८० जागा राखीव, आणि दोन्ही विभागांच्या ३० टक्के मिळून ७२० जागा सर्वांना खुल्या. म्हणजे ‘अ’च्या विद्यार्थ्यासमोर एकूण १,००० जागा आहेत, तर ‘ब’च्या विद्यार्थ्यासमोर २,१२०. विद्यार्थीसंख्याही दोन विभागांत वेगळी असल्याने केवळ या आकड्यांवरून निवाडा करता येणार नाही. परंतु ‘अ’ विभागातील उच्च गुणांच्या उमेदवारांचे प्रमाण त्या विभागातील जागांच्या प्रमाणाहून अधिक झाले की संरक्षणाची भिंतच कुंपण बनते, एवढे यातून स्पष्ट होते.

मराठवाड्यात नेमके हेच घडले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’ नव्वदच्या दशकात राज्यभर गाजला. नियमित सराव चाचण्या, चुकांचे बारकाईने विश्लेषण आणि सुटीतही चालणारे वर्ग ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्यापाठोपाठ नांदेडही शिकवणीवर्गांचे केंद्र बनले. जागा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. औरंगाबादनंतर अंबाजोगाई, नांदेड व लातूर एवढीच शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मराठवाड्यात दीर्घकाळ होती. परिणामी मराठवाड्याच्या संरक्षणासाठी म्हणून ओळखले जाणारे सूत्र रद्द करावे, ही मागणी मराठवाड्यातूनच उठली. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ते रद्द केल्याची घोषणा विधिमंडळात केली. ते स्वतः लातूर शहराचे प्रतिनिधी, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. वैधानिक विकास मंडळांची मुदत त्याच वर्षी ३० एप्रिलला संपली होती.

या साऱ्या चर्चेत हिंगोलीचा विचार फारसा झाला नाही. ‘मराठवाडा’ हे एकक धरले की लातूरचा गुणवंत आणि सेनगाव तालुक्यातील वाडीवरचा विद्यार्थी एकाच रकान्यात येतात. सूत्र असताना राखीव जागांसाठी हिंगोलीच्या विद्यार्थ्याची स्पर्धा पुण्याशी नव्हे तर लातूर-नांदेडशी होती. सूत्र गेल्यावर ती सर्वांशीच झाली. शिवाय निकष निवासाचा नसून शिक्षण कोठे झाले याचा होता. हिंगोली तालुक्यातील कनेरगाव नाक्यासारख्या सीमेवरील गावाला वाशीम जवळचे. तेथील विद्यार्थी बारावीसाठी वाशीमला गेला तर तो नियमाच्या दृष्टीने विदर्भाचा होई; लातूरला, म्हणजे कितीतरी दूर, गेला तर मात्र मराठवाड्याचाच राही. निजाम व वऱ्हाड यांच्यातील जुनी सीमा अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीसही प्रवेशअर्जावर जिवंत होती.

प्रादेशिक वाटपाचा हा पेच महाराष्ट्रापुरता नाही. मिंग काळातील चीनमध्ये १३९७ च्या राजदरबारी परीक्षेत उत्तीर्णांची संपूर्ण यादी दक्षिणेकडील उमेदवारांची निघाली. उत्तरेत असंतोष उसळला, सम्राट होंगवूने परीक्षकांना शिक्षा केली व फेरपरीक्षेत उत्तरेकडील उमेदवारांची यादी लावली. पुढच्या शतकात दक्षिण, उत्तर व मध्य असे ठरीव वाटे पाडण्यात आले. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून निःपक्षपातीपणा साधणाऱ्या त्या व्यवस्थेलाही प्रदेशाचा प्रश्न निव्वळ गुणांनी सोडवता आला नव्हता.

सामाईक परीक्षा व समानीकरण

बोर्डाच्या गुणांवरील विश्वास का उडाला, हे सांगणे अवघड नाही. वेगवेगळ्या विद्यापीठांचे व मंडळांचे गुण एकमेकांशी तुलनीय नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने दिनेश कुमार प्रकरणात ऐंशीच्या दशकाच्या मध्यासच मांडले होते. अखिल भारतीय १५ टक्के जागांसाठीची प्रवेशपरीक्षा त्यातूनच आली. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाढ, देणगीशुल्क व त्याला प्रतिबंध करणारा १९८७ चा कायदा यांमुळे गुणवत्तेची एकच यादी हवी, अशी मागणी बळावली. सामूहिक कॉपीचे ग्रहणही होते. मराठवाड्यातील अनेक केंद्रांबद्दल उघड बोलले जाई, आणि प्रामाणिकपणे गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याकडेही संशयाने पाहिले जाई. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी २०१० च्या सुमारास राबवलेले कॉपीमुक्ती अभियान याच पार्श्वभूमीवरचे होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा आणली व नंतर अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्रही तिच्या कक्षेत आले. बहुपर्यायी प्रश्न, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम आणि चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत, ही तिची वैशिष्ट्ये. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रचना तुलनेने उदार होती, असेच म्हणावे लागेल. जे पाठ्यपुस्तक वर्गात शिकवले जाते त्यावरच प्रश्न येणार, ही हमी छोट्या गावातील कनिष्ठ महाविद्यालयाला अर्थ देत होती. २०१४ व २०१५ या दोन वर्षांत अभियांत्रिकीसाठी राज्याने ही परीक्षा सोडून ‘जेईई मेन’ व बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरले. २०१६ मध्ये ती पुन्हा स्वीकारली.

२०१९ पासून ही परीक्षा संगणकावर व अनेक सत्रांत होते आणि निकाल शततमकात लागतो. शततमकाचे गणित सोपे आहे. एखाद्या सत्रात २०,००० उमेदवार असतील आणि त्यांतील १७,००० जणांचे गुण अमुक विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी असतील, तर त्याचा शततमक ८५. सत्रागणिक प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी बदलली तरी प्रत्येक सत्रातील स्थान तुलनीय राहते, हे यामागील तत्त्व. मात्र त्याला एक गृहीतक चिकटलेले आहे. प्रत्येक सत्रातील उमेदवारांचा समूह सरासरीने सारखाच असला पाहिजे. सत्रवाटप यादृच्छिक असेल तरच हे साधते. एखाद्या सत्रात तयारीच्या दृष्टीने सबळ किंवा दुर्बल समूह एकवटला तर शततमक त्या प्रमाणात खाली किंवा वर सरकतो. गुण दशांशाच्या सातव्या स्थळापर्यंत काढले म्हणून हे गृहीतक अधिक खरे होत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशात तर गणित गट व जीवशास्त्र गट या दोन वेगळ्या समूहांचे शततमक एकाच यादीत येतात, हे विसरून चालणार नाही.

अभ्यासक्रमाचा प्रश्न किती नाजूक असतो, हे २०२१ मध्ये दुसऱ्या दिशेने दिसले. कोरोनाकाळात दहावीची परीक्षा रद्द झाल्याने राज्याने अकरावीसाठी ऐच्छिक सामाईक परीक्षा योजली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली होती. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांवर त्यामुळे अन्याय होतो, या आक्षेपावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ती रद्द केली. एका मंडळाच्या अभ्यासक्रमावर सर्वांची परीक्षा घेणे अन्याय्य, हे तत्त्व मान्य केले तर ते राष्ट्रीय परीक्षेलाही लावून पाहावे लागते.

‘नीट’ : अभ्यासक्रम, भाषा आणि उणे गुण

‘नीट’ प्रथम मे २०१३ मध्ये झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये तोच निकाल मागे घेऊन ती पुन्हा लागू केली. राज्याची परीक्षा ५ मे २०१६ ला ठरलेली आणि ‘नीट’चा पहिला टप्पा १ मे रोजी. त्या काही दिवसांत विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडाली ती त्या वर्षीच्या अध्यादेशाने राज्याच्या जागांपुरती निवळली. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेश पूर्णतः ‘नीट’वर गेले.

अभ्यासक्रम ‘एनसीईआरटी’च्या पुस्तकांचा. राज्य मंडळाने आपला अभ्यासक्रम त्याच्या जवळ नेण्याचे प्रयत्न केले, तरी वाक्यरचना, आकृत्या व उदाहरणे यांत फरक राहतो आणि जीवशास्त्रात अनेक प्रश्न पुस्तकातील ओळीवरच बेतलेले असतात. त्यामुळे विद्यार्थी दोन पुस्तके वाचतो : बोर्डासाठी एक, ‘नीट’साठी दुसरे. लातूर-नांदेडच्या वर्गात दुसऱ्या पुस्तकाची तयारी पद्धतशीरपणे होते; तालुक्याच्या ठिकाणी बहुधा ती विद्यार्थ्याची स्वतःची जबाबदारी ठरते.

भाषेबाबत परिस्थिती अधिक चमत्कारिक आहे. ‘नीट’ मराठीतही देता येते, परंतु हा पर्याय निवडणारे फार थोडे. कारण उघड आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी-बारावीत विज्ञान इंग्रजीतून शिकतो. मराठी परिभाषा मागे पडलेली असते आणि इंग्रजी पुरती रुजलेली नसते. त्याला मराठी प्रश्नपत्रिका दिली तरी ‘प्रकाशसंश्लेषण’ ओळखीचे, पण पुढची परिभाषा परकी. भाषांतराची परीक्षाही अवघडच असते. २०१७ मध्ये काही भाषांतील प्रश्नपत्रिका इंग्रजीपेक्षा वेगळ्याच होत्या व त्यावर आक्षेप आले. २०१८ मध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका आढळल्या म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. अर्थ संदिग्ध असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम, हा नियम कायम आहे. म्हणजे मातृभाषेत परीक्षा देणाऱ्यानेही मूळ इंग्रजी वाचणे श्रेयस्कर! उस्मानियाच्या काळातील मराठी विद्यार्थ्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

उणे गुणांचा मुद्दा वरकरणी तांत्रिक आहे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो (चारातील एक वेळा चार गुण मिळतात, तीन वेळा एकेक गुण जातो), आणि एक पर्याय निश्चितपणे चुकीचा म्हणून वगळता आला तर लाभ आणखी वाढतो. शिकवणीवर्गात हे पहिल्या आठवड्यातच सांगितले जाते. घरात पहिल्यांदाच अशा परीक्षेस बसणारा विद्यार्थी मात्र ‘चुकले तर गुण जातील’ या धास्तीने प्रश्न कोरा सोडतो. परीक्षेने येथे विज्ञान मोजले नाही, जोखीम घेण्याची सवय मोजली. चांगल्या संविधान तक्त्यातही हा दोष दिसत नाही. तो शोधायचा तर सारखीच एकूण क्षमता असलेल्या, पण भिन्न पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांनी एकाच प्रश्नाला कसा प्रतिसाद दिला, हे प्रश्नागणिक तपासावे लागते. काठिण्यपातळी आणि भेदनक्षमता काढून थांबणाऱ्या नेहमीच्या प्रश्नविश्लेषणात ही पायरी येत नाही.

मे २०२४ च्या परीक्षेत ६७ उमेदवारांना पैकीच्या पैकी ७२० गुण, १,५६३ जणांना वाढीव गुण आणि प्रश्नपत्रिका फुटल्याचे आरोप यांमुळे देशभर वाद झाला. चौकशीचा एक धागा लातूरपर्यंतही आला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. गोपनीयतेचा हा प्रश्न गंभीर आहेच. परंतु त्या गदारोळात परीक्षेच्या रचनेचा प्रश्न बाजूला पडला. चोरी झाली नसती तरीही जी विषमता राहिली असती, तिच्याविषयी चर्चा जवळजवळ झालीच नाही. तमिळनाडूने २००७ मध्ये राज्याची प्रवेशपरीक्षा कायद्याने बंद करून बारावीचे गुण स्वीकारले होते. तो मार्ग योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात, पण परीक्षेच्या रचनेवर राज्यव्यापी चर्चा तेथे घडली होती.

जागांच्या बाबतीत अलीकडच्या वर्षांत चित्र बदलले आहे. धाराशिव, परभणी व जालना यांच्याप्रमाणेच हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांसमवेत त्याचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची. या जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय यादीतून आणि उर्वरित राज्याच्या यादीतून भरल्या जातात. विभागाचा वाटा २०२० मध्येच संपलेला असल्याने हिंगोलीत शिकलेल्या विद्यार्थ्याला हिंगोलीच्या महाविद्यालयात कोणतेही प्राधान्य नाही. सत्तर-तीसचे सूत्र असते तर मराठवाड्याच्या वाट्याला येणाऱ्या राखीव जागांत या शंभर जागांचीही भर पडली असती. सूत्र ज्या टंचाईमुळे नकोसे झाले ती टंचाई कमी होऊ लागली, तेव्हा सूत्र जाऊन चार वर्षे झाली होती.